एचआरचा अभ्यासक्रम कोणाच्या खुर्चीत बसून शिकवला जातो?

मित्रहो,

मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात स्पेशलायझेशन निवडायची वेळ आली की एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘गणिताची धास्ती असेल तर एचआर घे.’ एचआर म्हणजे ह्यूमन रिसोर्सेस, मनुष्यबळ व्यवस्थापन. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण सल्ला चुकीचा आहे. त्याहून चुकीची आहे त्यामागची समजूत, की माणसांशी गोड बोलता आलं की हा विषय आला. मला या विषयाबद्दल कळकळ आहे, म्हणून थोडं मागे जाऊन बोलतो.

व्यापाराचं उच्च शिक्षण तसं जुनं. पॅरिसमध्ये १८१९ साली व्यापारासाठी स्वतंत्र विद्यालय निघालं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल १८८१ साली सुरू झालं, हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ साली. या सगळ्यांचा मुख्य भर हिशेब, वित्त, वाहतूक, व्यापारी कायदा यांवर. कामावरच्या माणसाचा प्रश्न वर्गात नव्हे, कारखान्यात उभा राहिला. ओहायोतल्या डेटन इथे नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत १९०१ साली मोठा संप झाला, टाळेबंदी झाली आणि त्यानंतर तिथे कामगारांच्या तक्रारी, बडतर्फी, सुरक्षितता यांसाठी वेगळं खातं काढण्यात आलं. पर्सोनेल डिपार्टमेंटची (एचआर खात्याचं हे जुनं नाव) सुरुवात सांगताना हेच उदाहरण बहुधा दिलं जातं. एचआरचं खातं चांगुलपणातून जन्मलं नाही, संघर्षातून जन्मलं, एवढं ध्यानात ठेवा.

पुढे या विषयाची दोन घरं झाली. एक मॅनेजमेंटचं. त्यात फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनिअर आला, कामाचे तुकडे पाडून घड्याळ लावून मोजण्याची त्याची पद्धत आली. त्याचं मुख्य पुस्तक १९११चं. दुसरं घर औद्योगिक संबंधांचं. तिथे अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र आणि कामगार संघटनांचा इतिहास शिकवला जाई. न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाने १९४५ साली याच विषयाची स्वतंत्र शाळा काढली. पहिल्या घरात विचारत, माणसाकडून काम चांगलं कसं करून घ्यावं? दुसऱ्या घरात विचारत, मालक आणि कामगार यांचं हित वेगळं असताना दोघांनी एका टेबलावर बसून तोडगा कसा काढावा? दोन्ही प्रश्न खरे आहेत.

१९८०नंतर ब्रिटन-अमेरिकेत संघटनांचं बळ ओसरलं आणि दुसऱ्या घरातले बरेच विषय पहिल्यात सामावले गेले. १९८४ साली दोन मांडण्या आल्या. मिशिगनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत निवड, मूल्यमापन, मोबदला, विकास असं चक्र होतं आणि ते कंपनीच्या धोरणाला जोडलेलं होतं. हार्वर्डच्या मांडणीत मात्र भागधारक आणि व्यवस्थापन यांच्या बरोबरीने कर्मचारी, संघटना, सरकार आणि समाज यांच्या हितालाही जागा होती. आज कुठलंही जाडजूड पाठ्यपुस्तक उघडा. प्रकरणं बहुतेक पहिल्या चक्राच्या क्रमाने लागतात: भरती, प्रशिक्षण, अप्रेझल (म्हणजे कामाचं मूल्यमापन), पगार. औद्योगिक संबंध शेवटी, एका प्रकरणात, सेमिस्टर संपत आल्यावर घाईघाईने उरकायला. माझं म्हणणं एवढंच आहे की इथे अभ्यासक्रमाने निम्मा विषय हातचा घालवला.

याचा परिणाम कसा होतो ते एका उदाहरणातून पाहू. हॉथॉर्नचे प्रयोग मॅनेजमेंटच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतात. शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४ ते १९३२. वर्गात गोष्ट अशी सांगतात: आधी उजेड कमी-जास्त करून पाहिला, मग काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं, विश्रांतीच्या वेळा बदलल्या, काहीही बदललं तरी उत्पादन वाढतच गेलं. का? तर कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, म्हणून. गोष्ट संपली, परीक्षेत पाच गुण.

आता त्या खोलीत जरा आत शिरा. टेलिफोनचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, जोडायचं काम. एका रिलेत तीसेक बारीक भाग, ते हाताने जुळवायचे, स्क्रूने आवळायचे आणि घसरणीवरून सोडून द्यायचे. खाली मोजणी होते. जोडणाऱ्या पाच जणी. त्यांतल्या दोघी कामात फार बोलतात, ऐकत नाहीत, म्हणून १९२८च्या जानेवारीत त्यांना खोलीतून बाहेर काढलं आणि जास्त वेगाच्या दोघींना आत आणलं. शिवाय खोलीत आल्यावर काही आठवड्यांतच पगाराची पद्धतही बदलली होती. आधी मोठ्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर मोबदला ठरायचा, इथे तो या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागला. म्हणजे स्वतःच्या वेगाचा फायदा स्वतःच्या हातात पडू लागला. इतकं सगळं बदललेलं असताना वाढीचं श्रेय फक्त आपुलकीला कसं द्यायचं? यावर अभ्यासकांनी पुढे पुष्कळ वाद घातला. पण त्या दोन मुली पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात.

त्याच कारखान्यातली दुसरी खोली मला जास्त मोलाची वाटते. १९३१-३२मधली, चौदा पुरुषांची, वायर जोडणीच्या कामाची. निरीक्षकाला दिसलं की गटाने दिवसाचं काम किती करायचं हे आपापसात ठरवून ठेवलंय. जो त्याहून जास्त करील त्याच्या दंडावर बाकीचे ठोसा मारीत. आळस म्हणावं, तर तसं नव्हतं. जास्त काम केलं तर कंपनी दर कमी करील, किंवा काही जणांना घरी बसवील, ही भीती होती. आणि मंदीच्या त्या वर्षांत ती बिनबुडाची म्हणता येणार नाही. व्यवस्थापकाच्या खुर्चीतून हे ‘बदलाला विरोध’ म्हणून दिसतं. त्या बाकावर बसून पाहिलं तर तो सरळ हिशेब आहे. एचआर शिकणाऱ्याला दोन्ही जागांवरून पाहता आलं पाहिजे, नाहीतर तो पुढे आयुष्यभर चुकीच्या रोगावर औषध देत राहील.

आता गणिताकडे येतो, कारण सुरुवातीला मी तो सल्ला खोडून काढला. समजा एका कंपनीत शंभर जागा आहेत आणि वर्षात वीस जण सोडून गेले. अ‍ॅट्रिशन, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, वीस टक्के. अहवालात हा आकडा जातो, मीटिंगमध्ये चिंता व्यक्त होते, सगळ्यांसाठी एक सहल आणि एक मोटिव्हेशनचं सत्र ठरतं. पण वीस जणांची यादी विभागवार मांडली तर? समजा त्यांतले सोळा जण वीस जागांच्या एकाच विभागातले निघाले. तिथला दर ऐंशी टक्के, उरलेल्या कंपनीत जेमतेम पाच. आणखी एक पायरी उतरा. हे सोळा जण वेगवेगळ्या सोळा जागांवरचे आहेत, की त्याच चार जागांवर वर्षात चार-चार माणसं येऊन गेली? दुसरं असेल तर विभागातल्या उरलेल्या सोळा जागांवरची माणसं हललेलीच नाहीत, आणि प्रश्न त्या चार जागांचा आहे: रात्रपाळीचा असेल, त्यांच्यावरच्या सुपरवायझरचा असेल, भरतीच्या वेळी दिलेल्या खोट्या आश्वासनाचा असेल. भागाकाराच्या पलीकडे इथे गणित नाही. पण आकड्याला प्रश्न विचारायची सवय लागते, आणि ती वर्गात लावावी लागते.

मुलाखतीचंही तसंच. अनुभवी माणसाला वाटतं, पाच मिनिटांत मी उमेदवार ओळखतो. या विश्वासाची शास्त्रीय तपासणी दीर्घकाळ झाली आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं, तेव्हा ठरावीक प्रश्नांची, गुण देऊन घेतलेली मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा सरस ठरली. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. अनेक पद्धतींचं वजन घटलं, पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत अगदी वर राहिली. करायचं काय, तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तराला गुण कशासाठी हे आधी लिहून ठेवायचं. आणि पॅनेलवरच्या प्रत्येकाने आपले गुण चर्चेच्या आधी कागदावर उतरवायचे. शेवटचा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. साहेब पहिल्यांदा ‘मला पोरगा आवडला’ म्हणतात आणि बाकीच्यांची पेन्सिल तिकडे झुकते. एखाद्या कॉलेजात विद्यार्थ्यांकडून अशी मुलाखत प्रत्यक्ष घेऊन घेत असतील, गुणांतली तफावत फळ्यावर मांडत असतील, तर ते कॉलेज चांगलं, मग इमारत कशीही असो.

आता अर्ज चाळायला सॉफ्टवेअर आलं आहे, तेव्हा हे जास्तच गरजेचं झालंय. अ‍ॅमेझॉनने असं एक साधन बनवून पाहिलं होतं. ते महिलांचे अर्ज खाली ढकलत असल्याची बातमी २०१८ साली आली, कंपनीने ते तोवर गुंडाळलं होतं. कारण साधं होतं: ते मागच्या भरतीवरून शिकलं, आणि मागच्या भरतीत पुरुषच जास्त होते. जुन्या आकड्यांत कोण नाही, हे विचारणारा माणूस एचआरच्या खुर्चीत नसेल तर यंत्र जुनी चूक नव्या वेगाने करील.

आंतरराष्ट्रीय मान्यता, रँकिंग यांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यातून शिक्षक किती, परीक्षा कशी, कारभार कसा हे कळतं. श्रम कायदा किती तास शिकवतात, हे कळत नाही. ते अभ्यासक्रमाच्या पानावर तुम्हालाच शोधावं लागेल. श्रम कायदा, मोबदला, संख्याशास्त्र आणि वाटाघाटी हे चार विषय सक्तीचे आहेत की ऐच्छिक, ते बघा. वाटाघाटीच्या सरावात विद्यार्थ्याला संघटनेच्या बाजूनेही बसवतात का, हे विचारा. इंटर्नशिपमध्ये नुसते कागद लावायला मिळतात, की एखादी तक्रार पहिल्या अर्जापासून निकालापर्यंत पाहायला मिळते, हेही विचारा.

आणखी एक, हे माझं वैयक्तिक मत. बारावीनंतर लगेच एचआरमध्ये पदवी घेण्यापेक्षा मानसशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा किंवा इंजिनिअरिंग असं काहीतरी खोलवर शिकावं, दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली नोकरी करावी, पाळी, टार्गेट, नाकारलेली रजा हे सगळं स्वतः अनुभवावं आणि मग पदव्युत्तर अभ्यासक्रमाला यावं. ज्याचं स्वतःचं अप्रेझल कधी झालंच नाही, त्याला अप्रेझलचं प्रकरण कितीही वेळा वाचलं तरी अर्धंच कळतं. ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे थांबणं परवडत नाही, त्यांनी निदान सुट्टीत कुठल्यातरी कामाच्या जागी, ऑफिसच्या केबिनमध्ये नव्हे, फ्लोअरवर काम मिळवावं.

आणि प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या कुणाला तरी गाठा. पगार विचारू नका, तो जाहिरातीत असतोच. गेल्या आठवड्यात सोमवार ते शनिवार नेमकं काय काम केलं, ते विचारा. उत्तरात किती वेळ एक्सेल शीट होतं, किती वेळ माणसं होती, त्याने कुठला निर्णय स्वतः घेतला आणि कुठल्या निर्णयाला ‘हे बरोबर नाही’ असं वरिष्ठांना सांगितलं, हे लिहून घ्या. तो कागद समोर ठेवा आणि मग फी भरायची की नाही ते ठरवा.