शहराने विकलेल्या तारा शहराने परत कशा घेतल्या? हॅम्बुर्गची गोष्ट

नमस्कार मंडळी.

22 सप्टेंबर 2013, रविवार. जर्मनीत संसदेची निवडणूक होती. हॅम्बुर्ग शहरातल्या मतदारांच्या हातात त्या दिवशी एक मतपत्रिका जास्तीची पडली. तिच्यावर पक्ष नव्हते, उमेदवार नव्हते. प्रश्न एवढाच होता, की शहरातल्या विजेच्या तारा, गॅसचे पाइप आणि घरं गरम ठेवणाऱ्या गरम पाण्याचे पाइप, ही तिन्ही जाळी शहराने पूर्णपणे परत आपल्या मालकीची करावीत का?

50.9 टक्के लोक म्हणाले, हो. फरक पंधरा हजारांच्या आसपास मतांचा. अठरा लाख वस्तीच्या शहरात पंधरा हजार मतं म्हणजे अगदी निसटता निकाल. पण निकाल तो निकाल, आणि तो सरकारवर बंधनकारक होता.

आज मला ही गोष्ट नीट सांगायची आहे. आपल्याकडे वीज कंपनी खासगी की सरकारी या विषयावर भांडण लगेच पेटतं, पण मालकी बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं, कुठल्या कागदावर बदलतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, यावर फार कमी बोललं जातं. हॅम्बुर्गमध्ये हे सगळं उघड्यावर झालं, म्हणून हे शहर निवडलंय.

(स्क्रीनवर: हॅम्बुर्गचा नकाशा, एल्बे नदी)

हॅम्बुर्गची वीज कंपनी 1894 सालची. कित्येक दशकं ती शहराच्या ताब्यात होती. 1990 च्या दशकात युरोपभर वीजबाजार खुला होऊ लागला, महापालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या, आणि शहराने आपले भाग टप्प्याटप्प्याने विकले. 2002 पर्यंत कंपनी पूर्णपणे वाटेनफाल या समूहाकडे गेली. आता हा वाटेनफाल कोणाचा? स्वीडनच्या सरकारचा, शंभर टक्के. म्हणजे एका सरकारने विकलं आणि दुसऱ्या देशाच्या सरकारने घेतलं. गॅसचं जाळं गेलं ए.ऑन या जर्मन कंपनीकडे.

विकताना कोणाला फारसं काही वाटलं नव्हतं. लोकांचं मन फिरलं ते पुढच्या काही वर्षांत. शहरापासून तीसेक किलोमीटरवर क्र्युमेल नावाचं अणुवीज केंद्र होतं, चालवणारी कंपनी वाटेनफालच. 28 जून 2007 ला तिथल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. केंद्र बंद पडलं. दोन वर्षं दुरुस्ती चालली, केंद्र पुन्हा सुरू केलं, आणि 4 जुलै 2009 ला दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्टसर्किट. त्या दिवशी हॅम्बुर्गच्या रस्त्यांवरचे बहुतेक सिग्नल बंद पडले. पंप थांबल्याने पाण्याच्या दाबात गडबड झाली आणि ठिकठिकाणी पाण्याचे पाइप फुटले. आपल्या शहराच्या सिग्नलची दोरी कोणाच्या हातात आहे, हे लोकांना त्या शनिवारी चौकात उभं राहून दिसलं.

पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, 'आपलं हॅम्बुर्ग, आपलं जाळं' अशा नावाची मोहीम उभी राहिली. पर्यावरण संघटना, ग्राहक संघटना आणि चर्चची स्थानिक शाखा, असा त्यात गोतावळा होता. त्यांनी एक लाखाहून जास्त सह्या गोळा केल्या आणि शहराला सार्वमत घेणं भाग पाडलं.

पण कुठलीही कंपनी "आमची तार विकायची नाही" असं सांगून मोकळी होऊ शकते. मग हे शक्य कसं झालं?

उत्तर एका कराराच्या तारखेत आहे. रस्ता शहराचा. त्या रस्त्याखालून तार टाकायची, तर शहराची परवानगी लागते. जर्मन कायद्यानुसार हा परवानगीचा करार जास्तीत जास्त 20 वर्षांसाठी करता येतो. मुदत संपली की नव्याने अर्ज मागवावे लागतात. दुसऱ्या कोणाला करार मिळाला, तर जुन्या कंपनीला वाजवी मोबदला घेऊन जाळं सोडावं लागतं. हॅम्बुर्गचा विजेचा करार 2014 च्या अखेरीस संपणार होता. मोहीमवाल्यांनी हीच तारीख पकडून चार वर्षं आधी कामाला सुरुवात केली. ही तारीख चुकली असती, तर पुढची वीस वर्षं हातातून गेली असती.

त्या काळात हॅम्बुर्गचे महापौर होते ओलाफ शोल्झ. हो, तेच, पुढे जर्मनीचे चान्सलर झालेले. त्यांचा पूर्ण खरेदीला विरोध होता. त्यांनी मधला मार्ग काढला. सुमारे 54 कोटी युरो मोजून तिन्ही जाळ्यांमध्ये 25.1 टक्के हिस्सा घेतला आणि म्हणाले, एवढं पुरे, यात शहराचा शब्द राहतो. मोहीमवाले म्हणाले, पाव हिस्सेदाराचं कोण ऐकतं? मतदानाआधी विरोधकांनी शहरभर 200 कोटी युरोच्या कर्जाची भीती घातली. शोल्झ यांचा पक्ष, प्रमुख विरोधी पक्ष, व्यापाऱ्यांची संघटना, सगळे एका बाजूला. तरी लोकांनी कौल दिला. आणि इथे शोल्झ यांना श्रेय द्यायला हवं. हरल्यावर त्यांनी चालढकल केली नाही, निकाल राबवायला घेतला. 2014 च्या सुरुवातीलाच विजेचं जाळं शहराकडे आलं.

आता बर्लिनकडे बघू या, कारण तिथे जे झालं ते मला आजही खटकतं.

(स्क्रीनवर: दोन तारखा – 22 सप्टेंबर आणि 3 नोव्हेंबर 2013)

बर्लिनमध्येही तीच कंपनी, वाटेनफाल, विजेच्या जाळ्यासाठी तीच मागणी, तेच वर्ष. लोकांनी सह्या गोळा केल्या, सार्वमत ठरलं. पण शहर सरकारने ते संसदेच्या निवडणुकीसोबत घेतलं नाही. सहा आठवड्यांनी, 3 नोव्हेंबरला वेगळं घेतलं. बर्लिनचा नियम असा, की नुसतं बहुमत पुरत नाही. एकूण मतदारांपैकी 25 टक्के लोकांनी 'हो' म्हणायला हवं. मत द्यायला आलेल्यांपैकी 83 टक्के लोक 'हो' म्हणाले! पण एकूण मतदारांच्या हिशोबात ते 24.1 टक्के भरले. सुमारे 21 हजार मतं कमी पडली आणि सार्वमत बाद झालं. हॅम्बुर्गमध्ये 50.9 टक्क्यांनी जिंकले, बर्लिनमध्ये 83 टक्के मिळवून हरले. फरक पडला तो तारखेमुळे. संसदेच्या निवडणुकीला लोक बाहेर पडतातच, नोव्हेंबरच्या थंडीत एका प्रश्नासाठी सगळे पडत नाहीत. मला यात लोकांचा दोष दिसत नाही. ज्यांच्या हातात कॅलेंडर होतं, त्यांनी ते वापरलं.

बर्लिनची गोष्ट तिथे संपली नाही. करार तिथेही 2014 च्या अखेरीस संपणार होताच. नवा करार कोणाला द्यायचा यावर कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या, आणि शेवटी 2020 मध्ये वाटेनफालनेच विकायची तयारी दाखवली. 2021 मध्ये बर्लिनने विजेचं जाळं सुमारे 214 कोटी युरोला घेतलं. 2024 मध्ये गरम पाण्याचं जाळंही घेतलं.

बरं, आता तुमच्या मनातला प्रश्न. शहराने तारा घेतल्या, म्हणजे बिल कमी झालं का?

त्यामुळे थेट कमी होत नाही, आणि कोणी तसं आश्वासन देत असेल तर सावध राहा. तार एकाची आणि वीज दुसऱ्याची, ही व्यवस्था मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही. तिथे 2009 पासून कित्येक घरांत तार एका कंपनीची आणि वीज टाटांची आहे. जर्मनीत तर देशभर असंच आहे. वीज कोणाकडून घ्यायची हे ग्राहक ठरवतो, आणि तारेचं भाडं किती आकारायचं यावर केंद्रीय नियामकाची मर्यादा असते. मालक शहर असो वा स्वीडन, नियम तोच. तारेचा मालक "माझ्या तारेतून फक्त सौर वीज जाईल" असंही म्हणू शकत नाही. सगळ्यांची वीज वाहून न्यावीच लागते.

मग मिळालं काय? तारेवरचा नियमित नफा. नियामकाने आखून दिलेला, फार मोठा नसलेला, पण दरवर्षी येणारा. तो आता शहराच्या तिजोरीत येतो. आणि कुठला रस्ता आधी खणायचा, चार्जिंगची सोय कुठे आधी करायची, हे शहर आपल्या नियोजनाप्रमाणे ठरवू शकतं.

हा नफा कशाला वापरायचा याची जर्मनीत जुनी रीत आहे. तिथल्या अनेक शहरांत नगरपालिकेची एकच कंपनी वीज, पाणी, बस आणि पोहण्याचे तलाव चालवते. विजेत कमावते, बसवर आणि तलावांवर घालवते. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपली बेस्ट! बेस्ट 1905 मध्ये खासगी कंपनी म्हणून सुरू झाली आणि ऑगस्ट 1947 मध्ये मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली. पुढे कित्येक वर्षं विजेच्या कमाईतून बसचा तोटा भरून निघत राहिला. त्यावर वीज आयोगापुढे आणि कोर्टात वादही झाले, की कुलाब्याच्या वीजग्राहकाने बसप्रवाशाचा भार का उचलायचा? माझं मत विचाराल तर शहराने तो उचलावा, पण बिलावर स्पष्ट लिहून उचलावा.

आणि एक आपल्याकडचा फरक इथेच सांगून टाकतो. नागपूरच्या काही भागात 2011 ते 2019 वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे होतं. 2019 मध्ये महावितरणने ते परत घेतलं. ते शक्य झालं, कारण तिथे तारांची मालकी मुळात गेलीच नव्हती, कारभार फक्त सोपवला होता. हॅम्बुर्गने मालकीच विकली होती, म्हणून त्यांना परत येताना पैसेही मोजावे लागले आणि दशकही गेलं.

आता सगळ्यात अवघड भाग. गरम पाण्याचं जाळं.

हिवाळ्यात हॅम्बुर्गच्या लाखो घरांत उष्णता येते ती वीजकेंद्रात तापवलेल्या पाण्याच्या पाइपांतून. इथे तार आणि वीज असा वेगळेपणा नाही. पाइप ज्याचा, उष्णता त्याची. म्हणजे कोळसा जाळायचा की आणखी काही करायचं, हे मालकच ठरवतो. हवामानाच्या दृष्टीने तिन्ही जाळ्यांमध्ये खरा जीव इथे होता.

2014 मध्ये शहराने वाटेनफालशी केलेल्या करारात या जाळ्याची किमान किंमत लिहून ठेवली होती, 95 कोटी युरो. 2018 मध्ये खरेदीची वेळ आली तेव्हा मूल्यमापन झालं आणि आकडा निघाला 64.5 कोटी. तीस कोटींची खोट! आणि शहराचा अर्थसंकल्पाचा कायदा सांगतो, की किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन काही विकत घ्यायचं नाही.

सार्वमताच्या प्रश्नात लिहिलं होतं, की शहर सरकार 'आवश्यक आणि कायदेशीर अशी सर्व पावलं' उचलेल. सगळा वाद या 'कायदेशीर' शब्दावर येऊन अडला. जास्त पैसे मोजणं कायदेशीर आहे का? शहर सरकारने शेवटी भूमिका घेतली, की वीज, गॅस आणि उष्णता एकत्र हातात असली तर शहरासाठी त्यांचं मोल मूल्यमापनातल्या आकड्यापेक्षा जास्त आहे. आणि 2019 मध्ये किमान किमतीलाच खरेदी केली. विरोधकांनी सडकून टीका केली. ती टीका चुकीची होती असं मी म्हणणार नाही. 2014 मध्ये किमान किंमत मान्य करणाऱ्यांनी बाजाराची सगळी जोखीम शहराच्या गळ्यात बांधली होती.

पण त्या पैशातून काय उभं राहतंय तेही बघा. एल्बेकाठी वेडेल इथे 1960 च्या दशकातलं कोळशाचं केंद्र आहे, तेच पश्चिम हॅम्बुर्गला ऊब देत आलं. ते बंद करता यावं म्हणून नदीच्या दक्षिणेला, बंदरात नवी व्यवस्था बांधायला घेतली. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्यातली उष्णता मोठ्या हीट पंपांनी काढायची, कचरा जाळणाऱ्या केंद्राची आणि कारखान्यांची वाया जाणारी उष्णता घ्यायची, आणि हे सगळं गरम पाणी नदीखालून खणलेल्या बोगद्यातून पलीकडे शहरात न्यायचं. बंदरातला तांबे शुद्ध करणारा मोठा कारखाना आपली उष्णता शहराच्या घरांना देतोय. कारखाना, सांडपाणी, कचरा आणि घरं यांना एका पाइपाने जोडायचं, तर कोणीतरी चारही जणांशी बोलणारा लागतो. शहराला ते सोपं जातं.

राहिला गॅस. गॅसचं जाळं शहराने 2018 मध्ये घेतलं. आणि 12 ऑक्टोबर 2025 ला हॅम्बुर्गमध्ये आणखी एक सार्वमत झालं. मत देणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांहून जास्त लोकांनी ठरवलं, की शहराने 2045 ऐवजी 2040 पर्यंतच कार्बन उत्सर्जनाचा हिशोब शून्यावर आणायचा. म्हणजे ज्या मतदारांनी गॅसचे पाइप विकत घ्यायला लावले, त्यांनीच आता त्यातला नैसर्गिक गॅस बंद करायची मुदतही जवळ आणली. जसजशी घरं गॅस सोडतील, तसतसा उरलेल्या पाइपांचा खर्च थोड्या घरांवर येईल. बहुतेक वेळा मागे राहतात ती भाडेकरूंची घरं, कारण बॉयलर बदलायचा निर्णय भाडेकरूच्या हातात नसतो. हा खर्च भाडेकरूंच्या बिलात टाकायचा की विजेच्या नफ्यातून भरायचा, हे आता स्वीडनमध्ये किंवा ए.ऑनच्या कचेरीत ठरणार नाही. हॅम्बुर्गच्या सभागृहातच ठरवावं लागेल.