लाज कुणी वाटून घ्यायची?

मंडळी, पत्रिकेवर ‘गरिबांना दान : धर्मांचे नियम’ असा विषय छापलाय. नियमांकडे येतोच, पण आधी एक गाऱ्हाणं ऐका. कधीचं पोटात आहे आणि आज तुम्ही तावडीत सापडलात. (हशा)

एका वह्यावाटपाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, त्यातलं कुणी इथंही बसलेलं असायचं. व्यासपीठावर देणाऱ्यांची इतकी दाटी की घेणाऱ्याला उभं राहायला जागा नाही. एक मुलगा वह्या घेऊन खाली उतरला, तर फोटोवाला ओरडला, “साहेब झाकले गेले!” पोराला परत वर बोलावलं, वह्या काढून घेतल्या, पुन्हा दिल्या. आता दुसऱ्या साहेबांचा हात वह्यांपर्यंत पोचला नव्हता. परत तेच. पोरगा हुशार निघाला. पुढच्या खेपेला त्यानं वह्या पोटाशी आवळून धरल्या, सोडायचं नावच नाही! फोटोत आली ती झटापट. खाली ओळ काय, तर ‘मदतीचा हात’. (हशा)

हसा, पण त्या सगळ्या वेळात त्याची मान खाली होती आणि आमच्या माना कॅमेऱ्याकडे. हे उलटं आहे, आणि उलटं आहे हे मी म्हणत नाही, धर्मग्रंथ म्हणतात. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात : ‘श्रिया देयम्। ह्रिया देयम्। भिया देयम्।’ ऐपतीप्रमाणे दे, लाजून दे, भीत दे. लाजायचं देणाऱ्यानं! गीतेच्या सतराव्या अध्यायात तर तुच्छतेनं दिलेलं दान सरळ तामस ठरवलंय. कुराण म्हणतं, उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपलं दान वाया घालवू नका; उघड दिलंत तरी चांगलं, पण गुपचूप गरिबाला दिलंत तर जास्त चांगलं. येशूनं बजावलं, दान करताना पुढे कर्णा वाजवू नका. तेव्हा कर्णा होता, आता ड्रोन आहे. (हशा)

बाराव्या शतकातला यहुदी पंडित मायमोनिडीस यानं तर दानाच्या आठ पायऱ्याच लावल्या. त्यात तो जुन्या ज्ञानी लोकांची एक रीत सांगतो. ते नाणी वस्त्राच्या टोकात बांधून पाठीवर टाकत आणि चालू लागत. मागून गरीब येऊन सोडून घेत. म्हणजे देणाऱ्याची पाठ फिरलेली, घेणाऱ्याचा चेहरा त्याला दिसायचाच नाही. आता यांचा फोटो काढायचा कुठून?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, आता जाहीर केलेला विषय. (हशा)

या धर्मांनी देणाऱ्याच्या मर्जीवर फारसा भरवसा ठेवला नाही, हे माझं म्हणणं. म्हणून हिस्सा ठरवून टाकला. इस्लाममधली जकात, म्हणजे दरवर्षी द्यायलाच लागणारं दान, बघा : सोनं, रोकड, व्यापारी माल यांवर अडीच टक्के. सोन्याची किमान मर्यादा साधारण 85 ग्रॅम, आणि ती संपत्ती चांद्र वर्षभर हाती राहिलेली हवी. घेणाऱ्यांचे आठ वर्ग कुराणातच दिलेत. त्यात कर्जात बुडालेले आहेत, वाटसरू आहेत. आणि श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा ‘हक्क’ आहे, अशी भाषा आहे. बायबलच्या जुन्या करारात शेताचे कोपरे कापायचे नाहीत, सांडलेली कणसं वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. तिथं वाटपसमारंभच नाही, माणूस येतो आणि स्वतः कापून नेतो. शीख परंपरेत दसवंध, मिळकतीचा दहावा हिस्सा.

मायमोनिडीसची सगळ्यात वरची पायरी सांगायची राहिली. तिथं भीक नाहीच : कर्ज द्या, भागीदारीत घ्या, काम मिळवून द्या, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. यावर कुणी विचारेल, मग सरकारी योजना असताना धर्मानं यात पडावंच कशाला? त्याची टिपणं दोन पानं आहेत आणि अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. चहाच्या वेळी गाठा मला.