किती आतडं उरलं, त्याहून कुठलं उरलं?

नमस्कार मंडळी! हातात शिंप्याचा टेप आहे, दीडशे सेंटिमीटरचा. असे चार टेप जोडले की साधारण आपलं लहान आतडं. ऑपरेशननंतर मोठ्या माणसात 200 सेंटिमीटरपेक्षा कमी उरलं, की त्याला शॉर्ट बाउल सिंड्रोम म्हणतात.

निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार आले होते. आतड्याला पीळ पडला, रक्तपुरवठा तुटला, काळं पडलेलं काढावं लागलं. पहिला प्रश्न, "मॅडम, किती उरलं?" सगळे हेच विचारतात. मी आधी बघते ते कुठलं उरलं, आणि मोठं आतडं जोडलेलं आहे का.

कारण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात एल पेशी असतात. अन्न तिथवर पोचलं की त्या जीएलपी-2 नावाचं हार्मोन सोडतात. मग आतड्याच्या आतल्या अस्तरावरची बोटांसारखी लव उंच होते, शोषण वाढतं. त्याच पेशींचं दुसरं हार्मोन, पीवायवाय, अन्नाचा वेग आवरतं. शेवटचा भागच गेला आणि आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावावी लागली, तर गाडीला ब्रेक नाही आणि वाढीचा निरोपही नाही.

काका लगेच म्हणाले, "म्हणजे आमचं जीएचं डिपिंग!" अगदी! घड जीएत, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडात, बुडवला की मणी लांबतो, तेही हार्मोनच.

फक्त आपलं जीएलपी-2 फार अल्पायुषी. डीपीपी-4 नावाचं एन्झाइम त्याला तोडतं, सात मिनिटांत निम्मं संपतं. 1996 मध्ये टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांच्या गटाने उंदरांत त्याचं काम दाखवलं. पुढे त्यातलं दुसरं अमिनो आम्ल बदललं, अ‍ॅलानिनच्या जागी ग्लायसिन, आणि टेड्युग्लुटाइड हे औषध तयार झालं. अमेरिकेत 2012 ला मंजुरी. रोज कातडीखाली इंजेक्शन. किंमत मात्र ऐकूनच पोटात गोळा येतो. शिवाय जे वाढवतं ते नको तेही वाढवू शकतं, म्हणून आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, आणि आतड्याचा कॅन्सर असेल तर नाहीच.

औषधाशिवायही आतडं स्वतःला सावरतं, मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत. पण तोंडाने खाल्लं तरच. सगळं सलाइनवर ठेवलं तर लव खुरटते.

काकांची चूक वेगळीच होती. तहान लागली की तांब्याभर साधं पाणी. पिशवी भरभरून वाहायची, कारण वरचं आतडं त्या पाण्यात शरीरातलं मीठ सोडतं. ओआरएस दिलं, घोट घोट घ्यायला सांगितलं.

"कळलं," म्हणाले, "पाटपाणी बंद, ठिबक सुरू."