जुन्या बँकांचे हॉल लोकांसाठी उघडे राहोत

रिझर्व्ह बँकेचा पहिला पत्ता मुंबईचा नव्हता. 1 एप्रिल 1935 रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचं मध्यवर्ती कार्यालय होतं कोलकात्यात, डलहौसी स्क्वेअरच्या करन्सी बिल्डिंगमध्ये. मुंबईला ते कायमचं आलं 1937 मध्ये. बँकांच्या जुन्या इमारतींवर बोलायला मला बोलावलंत, तर मी बराचसा वेळ करन्सी बिल्डिंग या एकाच वास्तूला देणार आहे. अशा इमारतीचं जे जे बरंवाईट होऊ शकतं, ते सगळं तिच्या वाट्याला आलेलं आहे.

ती 1833 ची. आग्रा बँकेच्या कोलकाता शाखेसाठी बांधलेली, तीन मजली, इटालियन धाटणीची. 1866 मध्ये लंडनचा पैशाचा बाजार कोसळला आणि आग्रा बँकेला देणी थांबवावी लागली. आपली बँक ऑफ बॉम्बे बुडाली तीही याच सुमारास, कापसाची तेजी ओसरल्यावर. 1868 पासून करन्सी बिल्डिंगमध्ये सरकारचं चलन खातं आलं. 1861 च्या कायद्याने सरकारी कागदी नोट नुकतीच चलनात आली होती. लोक नोट घेऊन इथे येत आणि तिच्या बदल्यात सोनं, चांदी, नाहीतर सुटी नाणी मोजून घेत. हे काउंटर मधल्या मोठ्या हॉलमध्ये होते. हॉलवर तीन घुमट आणि उजेड यायचा तो वरून, घुमटांच्या काचांतून. भिंती कपाटांनी आणि काउंटरांनी अडलेल्या असल्या, तरी उजेड थेट मोजणाऱ्याच्या हातावर पडायचा.

त्या काळी बँका अशा का बांधत, हे समजून घ्यायला हवं. ठेवींना विम्याचं संरक्षण आपल्याकडे आलं 1962 मध्ये. त्याआधी बँक बुडाली की ठेवीदारही बुडायचा. म्हणून जाड भिंती, रुंद पायऱ्या, उंच छत. आत पाऊल टाकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे लोक उद्याही इथेच असतील. तो विश्वास वास्तुरचनेतून उभा केला जात होता आणि त्याचा सगळा भार मधल्या हॉलवर होता. म्हणून दर्शनी भिंत तेवढी राखून आत सगळं नवं करणाऱ्या योजनांना मी संवर्धन म्हणत नाही. रस्त्यावरून फोटो छान येतो, पण बँक मात्र गेलेली असते.

करन्सी बिल्डिंगमध्ये नेमका हॉलच गेला. नव्वदच्या दशकात ती पाडून तिथे नवी उंच इमारत उभारायचं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने ठरवलं आणि पाडकामाला मधल्या हॉलपासूनच सुरुवात झाली. तिन्ही घुमट पाडले गेले. कोलकाता महापालिका आणि वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था मध्ये पडली म्हणून उरलेली इमारत वाचली आणि 1998 मध्ये ती संरक्षित स्मारक झाली.

पुढे पुरातत्त्व खात्याने जे केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. खात्याने घुमट पुन्हा बांधले नाहीत. भोवतालच्या खोल्या दुरुस्त केल्या, लोखंडी तुळयांवरच्या विटांच्या कमानी सावरल्या, आणि मधली जागा मोकळं अंगण म्हणून ठेवली. तुटलेल्या कडा दिसतात, आणि काय गमावलं ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. नकली घुमट बसवला असता तर पाडकामाची खूणच पुसली गेली असती.

जानेवारी 2020 मध्ये तिथे बंगालच्या कलेचं संग्रहालय उघडलं. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, कौतुक झालं. 2021 मध्ये ते बंद पडलं. उद्घाटनाच्या दिवशी आपण टाळ्या वाजवतो, पण खरा प्रश्न पाचव्या वर्षाचा असतो. वीज, पहारा, गळती, कर्मचारी यांचा खर्च कुठून यायचा, हे नवा वापर ठरवतानाच ठरायला हवं.

म्हणूनच अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचं उदाहरण मला आवडतं. क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनीचा 1908 चा गोल हॉल, वर रंगीत काचांचा प्रचंड घुमट, भिंतींवर फ्रान्सिस मिलेट या चित्रकाराची भित्तिचित्रं. (हा मिलेट पुढे टायटॅनिक बुडाली त्यात मरण पावला.) 1996 पासून हॉल बंद होता. 2015 मध्ये तिथे किराणा-भाजीचं मोठं दुकान उघडलं. बँकेच्या हॉलमध्ये भाजी, असं म्हणून नाकं मुरडली जातात. मला मात्र ते उत्तम वाटतं. पिशवी घेऊन आलेला कोणीही मान वर करून तो घुमट पाहू शकतो आणि दुकानाच्या कमाईतून इमारत सांभाळली जाते. महागड्या हॉटेलातही जुने हॉल जपले जातात, पण तिथे दरवानाला ओलांडून किती जण आत जातील?

आता आपल्या फोर्टकडे, मुंबईच्या जुन्या बँकांच्या भागाकडे येते. मुंबईची वारसा नियमावली 1995 ची, देशातली पहिली. तिने दर्शनी भाग बऱ्यापैकी राखले. आत जाऊन बघा. दहा फुटांवर खोटं छत, त्यात ट्यूबलाइट, एसीच्या नळ्या. त्यातला एखादा चौकोन निघालेला असेल तिथून वर पाहिलंत, तर प्लॅस्टरची वेलबुट्टी दिसते, धुळीने काळवंडलेली पण शाबूत. खोटं छत निघू शकतं. त्याहून वाईट म्हणजे चुन्याच्या भिंतीवर मारलेला सिमेंटचा गिलावा. आतली ओल बाहेर पडत नाही, आणि मूळ दगड-वीट भुसभुशीत होत जाते.

घाई एवढ्यासाठी की 2019 आणि 2020 मध्ये सरकारी बँकांची मोठी विलीनीकरणं झाली. देना, आंध्र, कॉर्पोरेशन ही नावं गेली. एकाच बँकेच्या दोन शाखा जवळजवळ आल्या की त्यातली एक बंद होते. त्यात जुन्या वास्तू किती, हे बँकेच्या मालमत्ता विभागाने बघायला हवं. शाखा हलवण्याआधी सागवानी काउंटर, पितळी जाळ्या, स्ट्राँगरूमचं दार, घड्याळ, मूळ नकाशे या सगळ्याची फोटोंसह यादी व्हायला हवी, कारण सामान भंगारात जातं ते नेमकं स्थलांतराच्या आठवड्यात. तुमच्यापैकी जे बँकेत आहेत किंवा होते, त्यांनी आपल्या शाखेपुरती ही यादी आजच करायला घ्यावी. लिहायची कशी, हे मी व्याख्यानानंतर बसून दाखवीन.