ट्यूबची मागची बाजू

(एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं आवरून)

हा काटा स्वयंपाकघरातला आहे, प्रयोगशाळेतला नाही. यीस्ट आणि बेकिंग पावडर मोजायला घेतलेला, म्हणून दशांश ग्रॅम दाखवतो. त्यावर ही प्लॅस्टिकची चकती ठेवली, शून्य केलं. पुढच्या रांगेतल्या ताई, मघाशी तुम्ही म्हणालात की रोज न चुकता सनस्क्रीन लावता. ट्यूब पर्समध्ये आहे ना? मग रोज चेहऱ्याला आणि मानेला लावता तेवढी इथे पिळा. हात आखडू नका, आणि मी बघतोय म्हणून सढळही होऊ नका.

०.३ ग्रॅम. लाजायचं कारण नाही, आमच्या घरीही एवढीच निघते.

आता हिशेब बघा. ट्यूबवर छापलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहरा आणि मान मिळून धरा ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे १२०० मिलिग्रॅम, १.२ ग्रॅम. ताईंनी काढली त्याच्या चौपट. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी चाळीस-एक दिवसांत संपायला हवी. दिवाळीत घेतलेली तुमची ट्यूब अजून चालू असेल, तर छापलेलं ५० तुमच्या गालावर नाही. पाव मात्रेत दहा-बारा पदरात पडलं तरी खूप.

हे आधी सांगतोय, कारण माझी सत्तावीस वर्षं क्रीमं घोटण्यात गेली आणि लग्नकार्यात लोक मला कोपऱ्यात घेऊन एकच विचारतात: ‘यातली केमिकल्स सुरक्षित आहेत ना हो?’ प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येतोच. पण विचारणारा माणूस ते केमिकल वाटाण्याएवढं लावून दुपारी बारा वाजता स्कूटरवरून मंडईत जात असतो.

आपलं ऊन कसलं आहे ते बघा. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. युरोपातल्या माणसाच्या वाट्याला हे कधीच येत नाही. त्या दिवसांत आपल्याकडे भर दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या पुढे जातो, म्हणजे मोजपट्टीतली सगळ्यात वरची पायरी. यंत्र नसेल तर स्वतःची सावली बघा. ती आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक समजायचं.

त्या उन्हात दोन प्रकारचे अतिनील किरण आपल्या कामाचे. यूव्हीबी त्वचा भाजतात. यूव्हीए अधिक खोल जातात. त्वचा रापते, सुरकुत्या पडतात, गालावर वांग असेल तर तो गडद होतो. यूव्हीबी खिडकीच्या काचेत बहुतेक अडकतात, यूव्हीए आरपार येतात. एसटीत खिडकीशी बसून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एसपीएफचा आकडा ठरतो तो त्वचा लाल व्हायला किती वेळ लागतो यावरून, आणि लाली मुख्यतः यूव्हीबीची. ३० एसपीएफमधून तिसावा भाग आत येतो, ५० मधून पन्नासावा. म्हणजे अडवले जातात सुमारे ९७ आणि ९८ टक्के. ५० आणि १०० मधला फरक एका टक्क्याचा, किमतीतला फरक तुम्ही बघितलाच असेल. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली फारशी दिसतच नाही, आपली तक्रार काळवंडण्याची. म्हणून मी दुकानात आधी ‘पीए’ बघतो. ही जपानची पद्धत, १९९६ पासूनची. पुढे जितके अधिक चिन्ह तितका यूव्हीएपासून जास्त बचाव. चार अधिक म्हणजे सगळ्यात वरची पायरी. युरोपातून आलेल्या ट्यूबवर गोलात ‘यूव्हीए’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ यूव्हीएचं संरक्षण छापलेल्या एसपीएफच्या निदान एक तृतीयांश आहे.

आता ट्यूब उलटी करा. पुढची बाजू जाहिरातवाल्यांची, मागची आमची. ज्याचं प्रमाण जास्त ते नाव आधी, असा क्रम असतो. एक टक्क्याच्या आतले घटक शेवटी कसेही येतात. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड दिसलं तर ते खनिज सनस्क्रीन. बाकी लांबलचक नावांचे ते सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंचे, फिल्टर (किरण अडवणारे घटक), ज्यांना बाजारात ‘केमिकल’ म्हणतात. आणि हो, ‘केमिकल-फ्री’ लिहिलेली ट्यूब झिंक ऑक्साइडने भरलेली असते, ते काय केळं आहे? खनिजं आरशासारखे किरण परतवतात आणि दुसरे शोषतात, हेही अर्धवट. झिंक आणि टायटॅनियमसुद्धा अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेतात.

झिंकची खोड निराळी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी १८० किलोची बॅच केली. दिसायला लोण्यासारखी, वास छान, साहेब खूश. चाचणीत एसपीएफ अपेक्षेच्या निम्मा. काचेवर पातळ थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर झिंकच्या गुठळ्या, घाईत केलेल्या पिठल्यातल्या असतात तशा. गुठळीत झिंक भरपूर आणि दोन गुठळ्यांच्या मधे त्वचा उघडी. चूक माझीच होती, मिक्सर लवकर बंद केला होता. म्हणून कोणी खोबरेल तेलात झिंकची पूड कालवून घरगुती सनस्क्रीन करायला सांगितलं की मला ती बॅच आठवते. आमच्याकडे होमोजिनायझर, म्हणजे गुठळ्या फोडणारं यंत्र, असून ही गत, तिथे चमच्याने काय होणार?

सेंद्रिय फिल्टरांमध्ये जुने-नवे असा भेद करा. ब्यूटिल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन हे अवोबेन्झोनचं पाळण्यातलं नाव. यूव्हीएसाठी चांगलं, पण उन्हातच विघटतं, त्याला सांभाळणारा जोडीदार लागतो. एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट, म्हणजे ऑक्टिनॉक्सेट, त्याच्याबरोबर असेल तर अवोबेन्झोन उलट लवकर मोडतं. अवोबेन्झोनचा दुसरा उपद्व्याप धुण्यात दिसतो. पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्यावर पिवळट-केशरी डाग पडतात आणि आपण ते घामाचे समजतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर अवोबेन्झोनशी संयोग होऊन तो रंग येतो. ब्लीच टाकलं की डाग जास्तच उठून दिसतो. धुण्याआधी लिंबू चोळून बघा.

नव्यांपैकी बिस-एथिलहेक्सिलॉक्सिफिनॉल मेथॉक्सिफिनिल ट्रायझिन मला आवडतं. नाव वाचताना दम लागतो खरा. उन्हात टिकतं, यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवतं, आणि रेणू मोठा असल्यामुळे त्वचेतून आत फारसं जात नाही.

आता भीतीचा मुद्दा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २४ जणांना अंगाच्या तीन चतुर्थांश भागावर, दिवसातून चार वेळा, पूर्ण मात्रेत सनस्क्रीन लावलं. अवोबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन वगैरे रक्तात सापडले, मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमच्या वर. बातम्यांत गदारोळ झाला. पण ही अर्ध्या नॅनोग्रॅमची रेषा विषाची नाही. त्यापुढे गेलं तर उत्पादकाने सुरक्षिततेच्या आणखी चाचण्या द्याव्यात, एवढ्यासाठी ती आखलेली आहे. त्याच वर्षीच्या प्रस्तावात एफडीएने झिंक आणि टायटॅनियम या दोघांनाच सुरक्षित-परिणामकारक म्हटलं, बारा घटकांबद्दल अधिक माहिती मागितली. माहिती मागणं म्हणजे बंदी नव्हे. पुढे युरोपाने ऑक्सिबेन्झोनचं कमाल प्रमाण खाली आणलं. अंगाला लावायच्या क्रीममध्ये आता २.२ टक्के.

मी स्वतः ऑक्सिबेन्झोन टाळतो. लेबलवर ते ‘बेन्झोफेनोन-३’ असतं. घाबरून टाळत नाही. त्याची अ‍ॅलर्जी इतरांपेक्षा जास्त जणांना येते आणि बाजारात त्याहून चांगले पर्याय आहेत. हवाईने २०२१ पासून ते आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री प्रवाळाला अपाय नको म्हणून थांबवली. मालवणला सिंधुदुर्गाजवळ आपलंही प्रवाळ आहे, बुडी मारायला जाणार असाल तर बाह्यांचा पोशाख घाला, क्रीम निम्मी लागेल. पण प्रवाळाला खरा मार तापलेल्या समुद्राचा बसतो, हेही सांगायला हवं.

गरोदर बायकांनी आणि नाजूक त्वचेच्यांनी सुगंध नसलेलं खनिज सनस्क्रीन घ्यावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला काही लावू नका, सावलीत ठेवा. स्प्रे आणि पावडर मी घरात आणत नाही, श्वासातून टायटॅनियमचे कण आत कशाला घ्यायचे? वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन बघा, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतो. आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे क्रीमचं ताक होतं.

लावून काय मिळतं, याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या नॅम्बोर गावात आहे. १९९२ पासून साडेचार वर्षं, १६२१ माणसं. काहींना रोज लावायला सांगितलं, काहींना मनाला येईल तसं. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस पेशींचे (त्वचेच्या वरच्या थरातल्या) त्वचाकर्करोग सुमारे ४० टक्के कमी निघाले. गोऱ्या लोकांचा अभ्यास आहे, आपल्याकडे हा कर्करोग मुळात कमी. तरी एक गोष्ट बघा, त्यांचं सनस्क्रीन १५-१६ एसपीएफचं होतं. शंभराचं नव्हे.

मागच्या काकांनी हात केलाय. बोला. ... काका विचारतायत, दिवसभर शेतात असणाऱ्याने काय लावायचं? काका, दर दोन तासांनी सव्वा-सव्वा ग्रॅम, शिवाय हात. हा खर्च कांद्याच्या भावात बसत नाही. तुम्ही टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सोडू नका. डोक्याला मुंडासं गुंडाळणाऱ्या आजोबांचा एसपीएफ कोणी मोजला नाही, पण घामाने तो वाहून जात नव्हता. पुण्याच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात त्यालाही मी हसत नाही. क्रीम फक्त उघडं राहतं तिथे लावा: नाक, कान, मानेची मागची बाजू, हाताचे पंजे. कान सगळे विसरतात.

ताई, चकतीवरचं ते वाया घालवू नका. थांबा, आधी पुन्हा एकदा पिळा, आता हिशेबाने. ०.७... ०.९... १.१. चालेल. चेहरा झाल्यावर उरेल ते कानांच्या पाळ्यांना लावा.