फाटक, कठडा आणि कंस: इंदूरचे नक्षीदार लोखंड

(दृश्य: लालबाग राजवाड्याचे मुख्य फाटक. माणसे फाटकाकडे पाठ करून फोटो काढत आहेत.)

लालबागेच्या फाटकापुढे फोटो सगळेच काढतात, पण पाठ फाटकाकडे असते. या फिल्ममध्ये आपण तोंड फाटकाकडे करणार आहोत.

कान्ह नदीकाठच्या या राजवाड्याचे काम १८८६ मध्ये सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, १९२१ साली पुरे झाले. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतवून जहाजाने आणले, असे सांगितले जाते. वर होळकरांचे राजचिन्ह आहे. गाइड इथवर सांगतो आणि पुढे चालू लागतो. हे लोखंड ओतलेले आहे म्हणजे नेमके काय, आणि त्याने काय फरक पडतो, हा प्रश्न मागे राहतो. फरक मोठा आहे. इंदूरमधले जुने कठडे आणि सज्जे जितके पावसाने खाल्ले, तितकेच धातू न ओळखता केलेल्या दुरुस्तीने मोडले.

(दृश्य: तीन तुकडे टेबलावर. ओतीव कठड्याचा गज, घडीव वेलीचा वळसा, आजच्या ग्रिलचा चौकोनी बार.)

जुन्या घरात तीन प्रकारचे लोखंड भेटते. पहिले बीड, म्हणजे ओतीव लोखंड. यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. त्यामुळे ते ११५० ते १२०० अंश सेल्सिअसलाच वितळते आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यापर्यंत वाहत जाते. पानांच्या शिरा, फुलांच्या पाकळ्या, सिंहाचे मुख, हे सगळे त्यामुळे जमते. दाब ते उत्तम सोसते; ताण आणि ठोका सोसत नाही.

दुसरे घडीव लोखंड. कार्बन जवळजवळ नाही, पण मळीचे, म्हणजे भट्टीत उरलेल्या काचसर कचऱ्याचे, बारीक धागे आतून लांबीभर गेलेले. मोडले तर कडा उसाच्या कांडासारखी तंतू सोडते. हे भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकतात, वळवतात, एकमेकांत जोडतात. माळव्याला हे काम नवे नाही. इंदूरहून साठेक किलोमीटरवर धारला लाट मशिदीपाशी पडलेला लोहस्तंभ बघा. त्याचे तुकडे जोडले तर लांबी १३ मीटरच्या पुढे जाते, वजन सुमारे ७ टन, आणि तो ओतलेला नाही. तापवलेले गोळे ठोकून ठोकून एकजीव केलेले आहेत.

तिसरे आजचे नरम पोलाद, ज्याला फॅब्रिकेटर एमएस म्हणतो. जुन्या कठड्यात ते बहुधा नंतरच्या दुरुस्तीतून घुसलेले असते.

लोहचुंबक इथे कामाचे नाही. तिघांनाही चिकटते.

बीड ओळखायचे तर नक्षीची पाठ बघा. मागची बाजू पोकळ किंवा सपाट, वाळूच्या साच्यामुळे किंचित खरखरीत. कडेने एक बारीक उभी रेघ जाते. साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात, तिथली ती. आणि शेजारशेजारची दोन फुले मोजपट्टीने मोजली तर तंतोतंत सारखी निघतात. घडीव कामात वेलीचे टोक निमुळते होत जाते, जोडावर लोखंडी पट्टा गरम करून आवळलेला असतो किंवा रिव्हेट असते, आणि डावा वळसा उजव्यापेक्षा जरा वेगळा असतो. पोलादात बार शेवटपर्यंत एकाच जाडीचा आणि जोडावर वेल्डिंगची गाठ.

तरीही शंका उरली तर मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात ग्राइंडर क्षणभर टेकवा. बीडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लालसर. घडीव लोखंडाच्या लांब, पिवळट, फारशा न फुटणाऱ्या. त्याआधी रंग काढून घ्या. का, ते पुढे येईल.

(दृश्य: खजुरी बाजार, मल्हारगंज, सराफा. रस्त्यावरून वर बघणारा कॅमेरा. सज्जे, कंस, कठडे.)

रात्री सराफ्यात येणाऱ्याची नजर भुट्ट्याच्या किसावरून हटत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण दुकानांच्या पाट्यांच्या वर एक मजला बघितले की सज्जे दिसतात आणि त्यांना खालून पेलणारे कंस दिसतात. हे लोखंड इथवर यायला रेल्वे लागली. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. त्या दशकाच्या अखेरीस मीटरगेज गाडी पातालपाणीचा घाट चढून इंदुरात आली. जड, ठिसूळ ओतीव माल खाचखळग्यांतून बैलगाडीने आणणे आणि डब्यातून आणणे यात किती अंतर आहे, हे एखादा कंस हातात धरला की कळते.

तेव्हा ग्लासगोच्या सॅरासेन फाउंड्रीसारख्या ओतशाळा जाडजूड कॅटलॉग छापत. खांब, कंस, कठड्याचा तुकडा, वरचे टोक, प्रत्येकाला नंबर. गिऱ्हाइकाने नंबर कळवायचा आणि माल बोटीने यायचा. अशा खांबाच्या तळाशी, रंगाच्या थरांखाली, कधी कधी ओतशाळेचे नाव उठावात सापडते. सापडले तर ते घासू नका. आधी फोटो घ्या.

पुढे १९३० ते १९३३ मध्ये यशवंतराव होळकरांसाठी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांनी माणिकबाग हा आधुनिक, बिननक्षीचा राजवाडा बांधला आणि राजघराण्यातच नक्षीला रजा मिळाली. बाजारपेठेतले लोक मात्र आणखी काही वर्षे वेलबुट्टीवर खूश होते.

(दृश्य: कठड्याच्या गजाचा पाय जवळून. दगड तडकलेला.)

आता बिघाड. कठडा बहुतेकदा पायाशी जातो. गज दगडातल्या खोबणीत उभा करून भोवती वितळलेले शिसे ओतत. शिसे ३२७ अंशाला वितळते. थंड होताना आकसते, म्हणून नंतर बोथट छिन्नीने ते ठासून बसवतात. ठासणे राहिले की फट राहते, फटीत पाणी थांबते आणि गज आतून गंजतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते. त्याला जागा हवी असते. ती मिळेना की दगड फुटतो. लोकांना वाटते दगड कच्चा होता.

मग मिस्त्री सिमेंट भरतो. सिमेंट वाळताना गजापासून सुटते, केसाएवढी फट पडते, आणि पाणी पूर्वीपेक्षा जास्त वेळ आत राहते. वर सिमेंटचा गोल ढिगारा केला तर गंज झाकलाही जातो. योग्य काम असे: जुने शिसे आणि गंज काढायचा, खोबणी पूर्ण कोरडी करायची, पुन्हा शिसे ओतून ठासायचे आणि माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायचा. ओल्या खोबणीत शिसे कधीच ओतू नका. पाण्याची वाफ होऊन ते उसळते आणि तोंडावर येते. हे काम हातमोजे, चेहऱ्याची ढाल आणि मोकळी हवा असल्याशिवाय करायचे नाही.

(दृश्य: वेल्डिंगनंतर पुन्हा तडकलेला ओतीव कंस.)

बीडाचा कंस तडकला की घरमालक पहिला फोन वेल्डरला करतो. नेहमीच्या एमएस रॉडने बीड वेल्ड केले तर त्या क्षणी जोड छान दिसतो. थंड होताना जोडाशेजारची पट्टी काचेसारखी कठीण आणि ठिसूळ होते, आणि नवी भेग जुनीच्या बाजूला, काही मिलिमीटरवर पडते. दुसऱ्यांदा वेल्ड केले की तिसरी. शेवटी कंसच बदलतात, तोही चौकोनी पाइपाचा.

बीड वेल्ड होते, पण निकेलच्या रॉडने आणि धीराने: एका वेळी दोन-अडीच सेंटिमीटरचाच टाका, तो गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकायचा, हात लावता येईल इतके निवू द्यायचे, मग पुढचा. वर पाणी मारायचे नाही. पण जिथे भार नाही, तिथे वेल्डिंगच्या भानगडीत पडूच नये, असे आमचे मत आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना ३ ते ५ मिलिमीटरचे भोक पाडले की ती पुढे सरकत नाही. मग मागून पट्टी लावून बोल्टने आवळा. पट्टी दिसते, हे खरे. पण ती उद्या काढता येते, आणि मूळ तुकडा जागेवर राहतो.

भार असलेल्या कंसावर आणि खांबावर अंदाजपंचे काहीच करू नका. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच. सज्जावर हजार लिटरची टाकी ठेवली तर नुसत्या पाण्याचे वजन एक टन होते. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी कंसाला भोक पाडले की तडा तिथूनच सुरू होतो, आणि युनिटचे ठिबकणारे पाणी त्याच जागी वर्षभर पडत राहते.

(दृश्य: रंगाच्या थरांची पायरी. हिरवा, तपकिरी, काळा, चंदेरी, तळाशी शेंदरी.)

रंगाबद्दल जरा सविस्तर, कारण नुकसान इथेच सर्वांत हौसेने होते.

चंदेरी ॲल्युमिनियम पेंटचे थर वर्षानुवर्षे चढले की पानाच्या शिरा बुजतात, फूल गोळा होते. सगळे खरवडण्याआधी आडबाजूला दोनेक सेंटिमीटरचा ठिपका निवडा आणि ओल्या बारीक पॉलिश पेपरने थर एकेक करून, पायरीपायरीने उघडा. खालून पहिला रंग कोणता होता ते दिसते. काळा असेलच असे नाही; हिरवा आणि तपकिरीही निघतात.

तळाचा शेंदरी थर बहुधा शेंदराचाच असतो: शिशाचा ऑक्साइड, जवसाच्या तेलात घोटलेला. गंज रोखायला तो फार चांगला होता, पण विषारी आहे. त्यामुळे कोरडे घासणे नाही, ग्राइंडर नाही, ब्लोलॅम्प तर नाहीच. पाण्याने ओला ठेवून खरवडा किंवा रंग काढायचे रसायन वापरा, खाली प्लास्टिक अंथरा, साधा कापडी नव्हे तर धूळ गाळणारा मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या मजल्यावर येऊ देऊ नका. निघालेला रंग कुंडीत किंवा गटारात टाकायचा नाही.

चिकटून बसलेला जुना रंग काढायची गरजही नसते. सुटा रंग आणि सुटा गंज ओला ठेवूनच तारेच्या हातब्रशने काढा, कडाही ओल्याच घासून सपाट करा. जोराच्या सँडब्लास्टिंगने घडीव लोखंडावरची मूळ काळी साय जाते, आणि ती साय त्याचे संरक्षणच करत असते. धातू उघडा पडला की त्याच दिवशी, शक्यतो चार तासांत, प्राइमर लावा. झिंक फॉस्फेटचा प्राइमर दोन हात, तो वाळल्यावर फिनिश दोन हात, सगळे पातळ. ब्रशनेच, फवाऱ्याने वेलीच्या मागची बाजू कोरी राहते. पट्ट्यांखालच्या फटी पहिल्या प्राइमरनंतर लवचीक सीलंटने भरा, मात्र पाणी बाहेर पडायची भोके बुजवू नका.

आणि वेळ. इंदुरात रंगकाम दिवाळीआधी काढतात. पाऊस परतून जेमतेम काही दिवस झालेले असतात, जोडांतली ओल गेलेली नसते, आणि आपण वरून ऑइल पेंट मारून ती आत कोंडतो. होळीच्या आत रंगाला फुगे येतात. लोखंडाचे काम दिवाळीनंतर काढा, फेब्रुवारीपर्यंत उरका. सकाळी गजावर दव असेल तर थांबा. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या लोखंडावर रंग पसरण्याआधीच सुकतो, म्हणून तेही नको.

(दृश्य: झुकलेले फाटक, खाली जमिनीवर घासल्याची अर्धगोल खूण.)

फाटक जमिनीला घासू लागले तर पानाच्या, म्हणजे फाटकाच्या झडपेच्या, दोन्ही कर्णांची लांबी मोजा. दोन्ही सारखी असेल तर पान सरळ आहे. झिजली आहे खालची चूळ (पान ज्यावर फिरते ती खुंटी) किंवा ती जिच्यात बसते ती उखळी, नाहीतर खांब कललाय. पान जॅकवर उचलून उखळीत पोलादी चकती टाकली आणि ग्रीस भरले तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. कर्ण वेगवेगळे निघाले तरच पानाचे जोड तपासायचे. पानाखाली चाक वेल्ड करण्याचा उपाय सर्रास दिसतो. जमीन सपाट नसेल तर चाक प्रत्येक वेळी पानाला पीळ देते.

(दृश्य: ओतशाळा. वाळूचा साचा, लाकडी फर्मा.)

तुकडा हरवलाच असेल तर नवा ओतून मिळतो. सांवेर रोडच्या कारखान्यांत चौकशी करा. एक-दोन नग घ्यायला सगळेच तयार होत नाहीत. इथे एक हमखास घोटाळा होतो. मूळ तुकडाच साच्यासाठी वापरला तर नवा तुकडा सुमारे एक टक्क्याने लहान निघतो, कारण बीड निवताना आकसते. मीटरभर लांबीला १० मिलिमीटर. कठड्याची भोके जुळत नाहीत आणि मग कोणीतरी ती ग्राइंडरने घासून मोठी करतो. फर्मा म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना; तो बनवणाऱ्याला तेवढी वाढ धरून लाकडी फर्मा करायला सांगा. नव्या तुकड्याच्या पाठीवर साल ओतून घ्या, म्हणजे पुढे कोणी त्याला जुना समजणार नाही.

(दृश्य: रुंदीकरणात अर्धे कापलेले घर. सज्जा अजून वर.)

आणि घरच जाणार असेल तर? रस्ता रुंदीकरणात घराचा दर्शनी भाग पडतो आणि कठडा किलोच्या भावाने भंगारात जातो. तो वाचवायचा तर पाडकाम सुरू होण्याआधी हाताशी दोन दिवस हवेत. समोरून, मोजपट्टी शेजारी धरून फोटो घ्या. प्रत्येक तुकड्याला तारेने पत्र्याचा नंबर बांधा आणि तोच नंबर फोटोच्या प्रिंटवर लिहा. उतरवताना आधी वरची पट्टी, मग गज, शेवटी कंस. बोल्ट फिरत नसतील तर भेदक (गंजात झिरपणारे) तेल टाकून रात्रभर ठेवा; तरी हलले नाहीत तर बोल्ट कापा, नक्षी नाही. शिसे ड्रिलने काढा. घण घालू नका. सगळे ठेवायला जागा नसेल तर एक गज, एक कंस, कोपऱ्याचा एक खांब आणि वरचे एक टोक, एवढे तरी कोरड्या जागी, लाकडी फळीवर ठेवा. तेवढ्या चार नगांवरून फर्मे करून पूर्ण सज्जा पुन्हा ओतता येतो.