चौकटीचा धंदा

(दृश्य: समुद्रकाठच्या हॉटेलचा हॉल. पाहुणे आपापल्या खुर्च्यांत.)

आधी वारा आत येतो. माणूस नंतर.

कागद उडतात. कुणी चहा ओतत असतं, त्या किटलीची धार कपात न पडता तिरकी वाहायला लागते. एका गृहस्थाच्या मिशा फडफडतात. सगळे वैतागून दाराकडे बघतात, कारण कुणीतरी ते सताड उघडं टाकलंय. दारात एक ताडमाड माणूस उभा आहे. तोंडात पाइप, आखूड पडलेली पँट, आणि अंग असं पुढे झुकलेलं की हा चवड्यांवर चालतोय की पडता पडता सावरतोय, कळू नये. मॅनेजर नाव विचारतो. पाइपमुळे उत्तराचा नुसता गुरगुराट होतो. शेवटी मॅनेजर स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडातला पाइप काढून घेतो.

‘युलो.’

पाइप परत तोंडात. यापुढे अख्ख्या चित्रपटात हा माणूस जवळपास बोलतच नाही.

चित्रपट १९५३ सालचा, ‘मस्यू युलोची सुट्टी’. युलोचं काम करणारा आणि चित्रपटाचा दिग्दर्शक एकच, जाक ताती. मिस्टर बीन आपल्याकडे घराघरांत पोचला. तो साकारणाऱ्या रोवन अ‍ॅटकिन्सननं या युलोचं ऋण उघडपणे मान्य केलंय. तातीचं नाव मात्र आपल्याकडे फिल्म सोसायटीच्या पलीकडे फारसं गेलं नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. तसबिरींचं दुकान.)

जन्म ९ ऑक्टोबर १९०७, पॅरिसजवळच्या ल पेक या गावात. खरं आडनाव तातिशेफ, कारण आजोबा रशियन उमराव. आईकडून डच आणि इटालियन रक्त. घरचा धंदा तसबिरींच्या चौकटी बनवण्याचा. दुकान पॅरिसच्या श्रीमंत वस्तीत, आणि पोरानं ते पुढे चालवावं ही वडिलांची साधी अपेक्षा. पोरगा काही काळ उमेदवारीही करून आला. लाकडी पट्टी कापायची, कोपरे जुळवायचे, आत काय आहे ते कडेवरून ठरतं हे पाहत राहायचं. पुढे तातीनं दुकान सोडलं. चौकटीचा धंदा सोडला असं मात्र म्हणता येणार नाही.

त्याला वेड होतं रग्बीचं. संघाचा कप्तान होता आल्फ्रेद सोव्ही. पुढे हाच गृहस्थ मोठा लोकसंख्याशास्त्रज्ञ झाला, आणि ‘तिसरं जग’ हा शब्दप्रयोग त्याचाच. मॅच संपली की जेवणाच्या टेबलाशी ताती उठायचा आणि नुकतीच झालेली मॅच एकट्यानं परत खेळून दाखवायचा. मग इतर खेळांच्या नकलाही: गोलरक्षक, पंच, बॉक्सर, टेनिसपटू, घोडा आणि घोडेस्वार दोन्ही. सोबती हसून लोळायचे. हेच प्रयोग घेऊन तो म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-नकलांच्या थिएटरांच्या, रंगमंचावर गेला. १९३६ साली लेखिका कोलेतनं त्याच्यावर भरभरून लिहिलं: खेळाडूही हाच, रॅकेटही हाच, चेंडूही हाच.

म्हणजे सुरुवातीला सगळा खेळ एकट्या तातीच्या अंगावर होता. पुढची सगळी वर्षं तो हेच ओझं एकेक करून इतरांना वाटत गेला. लोकांना हवा होता तो युलो, आणि त्यानं दिला कमी कमी युलो. हे त्याला केवढ्याला पडलं, ते पुढे येईलच.

(दृश्य: मध्य फ्रान्समधलं छोटं गाव. चौक.)

गावाचं नाव सँत-सेव्हेर. महायुद्धाच्या काळात ताती आणि त्याचा एक मित्र या भागात येऊन राहिले होते. १९४७ साली तो इथेच परतला आणि पहिला मोठा चित्रपट केला, ‘जूर द फेत’. आपल्या भाषेत, जत्रेचा दिवस.

गोष्ट एवढीशी. गावात जत्रा येते. तंबूत अमेरिकन टपालखात्यावरचा माहितीपट दाखवतात. विमानं, हेलिकॉप्टरं, वेगच वेग. गावचा पोस्टमन फ्रांस्वा ते बघतो आणि त्याच्या डोक्यात घुसतं, आपणही अमेरिकन पद्धतीनं टपाल वाटायचं. मग जी सायकल सुटते! धावत्या ट्रकच्या मागच्या फळीला लटकून, त्या फळीचंच टेबल करून, पठ्ठ्या पॅडल मारता मारता पत्रांवर शिक्के मारतो.

आता रंगांची गोष्ट. तातीला हा चित्रपट रंगीत करायचा होता. फ्रान्समध्ये तेव्हा थॉमसनकलर नावाची नवी प्रक्रिया आली होती. पण त्याचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा. त्यानं गावातली दारं करड्या रंगानं रंगवून घेतली आणि गावकऱ्यांना गडद कपडे घालायला लावले. का, तर जत्रेच्या गाड्या येतील तेव्हाच गावात रंग यावा, आणि जत्रा हलली की तिच्याबरोबर निघूनही जावा.

चित्रीकरण झालं. रंगीत कॅमेऱ्याच्या शेजारी खबरदारी म्हणून एक कृष्णधवल कॅमेराही लावला होता. नशीब! कारण रंगीत फिल्मच्या प्रती काही केल्या निघेनात. कंपनीलाच ते जमेना. १९४९ साली लोकांनी पाहिला तो खबरदारीचा चित्रपट, करड्या दारांचा आणि करड्याच जत्रेचा. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं, चित्रपट चाललाही. रंगीत रिळं डब्यात गेली. त्या डब्यांकडे आपण शेवटी परत येऊ.

(दृश्य: सॅं-मार्क-सुर-मेर. वाळू, हॉटेल.)

पोस्टमनचेच आणखी चित्रपट काढ, असा धोशा लागला. त्यानं पोस्टमन सोडला आणि युलो आणला. चार वर्षांनी.

पुन्हा त्या हॉटेलात जाऊ. जेवणघराला एक झुलतं दार आहे. वेटर आत-बाहेर करतो तेव्हा ते वाजतं: ‘ढुंग’. जाडी तार छेडावी तसं. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. वेटर गेला, ढुंग. आला, ढुंग. पाचव्या-सहाव्या वेळेला आपण सुपाकडे बघणं सोडून दाराची वाट बघायला लागतो. ताती आवाज चित्रीकरणानंतर, वेगळे, एकेक करून भरायचा. माणसांचं बोलणं पुटपुटण्याइतकं खाली आणि दाराचं, चेंडूचं, बुटांचं बोलणं वर. सुरुवातीच्या दृश्यात रेल्वे स्टेशनवर लाउडस्पीकर काहीतरी घोषणा करतो, ज्यातला एक शब्द कळत नाही, आणि सुट्टीला निघालेली कुटुंबं सामानासकट भुयारातून या फलाटावरून त्या फलाटावर धावतात. लोकलनं जाणाऱ्या-येणाऱ्याला यातला विनोद समजावून सांगायची गरज नाही.

युलो काही करायला जात नाही, त्याच्या हातून होतं. मोटारीची ट्यूब वाळक्या पानांत लडबडते, आणि समोर अंत्ययात्रा असते. लोक ती पुष्पचक्र समजून घेतात. युलो बिचारा रांगेत उभा राहून सांत्वनाचे हात मिळवतो. चॅप्लिन असता तर प्रसंगावर स्वार झाला असता. युलो प्रसंगात सापडतो.

(दृश्य: पांढराफेक बंगला, गोल खिडक्या.)

१९५८ साली पहिला रंगीत प्रदर्शित झालेला ताती, ‘मों ओंक्ल’. इथे मराठी माणसाचा फायदा आहे. फ्रेंचमध्ये काका, मामा, मावशीचे यजमान, सगळ्यांना ‘ओंक्ल’च. आपल्याला विचारावं लागतं, कुणाकडून? बंगल्याची मालकीण मादाम आर्पेल ही युलोची बहीण. तेव्हा चित्रपटाचं नाव ‘माझा मामा’, आणि मामा म्हटल्यावर आपल्याला जे आठवतं तेच भाच्याला यात मिळतं. शिस्तीच्या घरातून पळवून नेणारा हक्काचा माणूस.

बंगला नीसच्या स्टुडिओत उभारलेला. सगळं आधुनिक, सगळं आपोआप, बसायला एकही धड खुर्ची नाही. बागेत माशाच्या आकाराचं कारंजं. फाटकावरची घंटी वाजली की बाईसाहेब बटण दाबतात आणि माशाच्या तोंडातून पाणी उडतं. पाहुणा तोलामोलाचा नाही, सामान पोचवणारा आहे असं दिसलं की लगेच बटण बंद. माणसाची पत काढायला एवढं एक कारंजं पुरतं. याउलट युलो राहतो त्या जुन्या वस्तीत तो वरच्या खोलीपर्यंत कसा चढतो, ते आपल्याला नुसत्या खिडक्यांमधून दिसतं: कधी डोकं, कधी पाय. खोलीत पोचल्यावर तावदान थोडं हलवतो, उन्हाचा कवडसा पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर पडतो, पक्षी गायला लागतो. तावदान सरकलं की गप्प. माझ्या मते आख्ख्या चित्रपटात याच्यापुढे काही नाही.

कान महोत्सवात ज्यूरीचं विशेष पारितोषिक, मग परदेशी चित्रपटाचं ऑस्कर. अमेरिकेत त्याला विचारलं, काय हवं? त्यानं म्हाताऱ्या विनोदवीरांना भेटायचं मागितलं: स्टॅन लॉरेल, बस्टर कीटन, मॅक सेनेट.

या वेळी ताती थांबला असता आणि दर दोन वर्षांनी एक युलो काढत बसला असता, तर गडगंज झाला असता.

(दृश्य: काच, पोलाद, करडं शहर.)

१९६४. पॅरिसच्या आग्नेयेला, व्हँसेनच्या बाजूला, मोकळ्या जमिनीवर बांधकाम सुरू झालं. इमारती, रस्ते, सिग्नल, विमानतळ. सुमारे १५,००० चौरस मीटर. वीज स्वतःची. काही इमारती चाकांवर, कॅमेऱ्याला हवं तसं शहर सरकवायचं. लांबच्या गर्दीत माणसांची कापून उभी केलेली चित्रं. लोक या जागेला तातीव्हिल म्हणू लागले. त्याच वर्षी वादळानं त्यातलं बरंच पाडलं. पुन्हा बांधलं. चित्रीकरण रेंगाळलं, पैसे संपले, कर्ज काढलं, तेही संपलं.

चित्रपट, ‘प्लेटाइम’. ७० मिलिमीटरची अवाढव्य फिल्म, आणि एकही क्लोजअप नाही! एवढा पडदा घेतला की कुणीही नटाचा चेहरा भिंतीएवढा करील. तातीनं तो कोपऱ्याकोपऱ्यांतल्या माणसांना वाटून टाकला. युलो आहे, पण गर्दीत हरवलेला. शिवाय तशीच टोपी, तसाच रेनकोट घातलेले भलतेच लोक मधूनमधून दिसतात, आपण ‘हा बघ’ म्हणेपर्यंत तो दुसराच निघतो. अमेरिकन पर्यटक बायकांची कामं केलीत ती पॅरिसजवळच्या नाटो तळावरच्या अधिकाऱ्यांच्या बायकांनी. या पर्यटकांना आयफेल टॉवर दिसतो तो फक्त काचेच्या दारात, प्रतिबिंब म्हणून, दार उघडतं तेवढा क्षण.

नव्या कोऱ्या रेस्टॉरंटची उद्घाटनाची रात्र हा चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग. खुर्च्यांच्या पाठीला मुकुटाची नक्षी, ती बसणाऱ्याच्या पाठीवर उमटते. मग मुख्य दाराची काच फुटून चुराडा होतो. दरवान काय करतो? पितळी मूठ उचलतो, हवेत धरतो आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी नसलेलं दार अदबीनं उघडतो. मिटतो. लोक आत येतात, टीपही देतात.

पहिल्यांदा बघाल तर तुम्हाला हे सगळं दिसणार नाही. त्याच क्षणी डावीकडे वेटर काही करत असतो, मागे बँडवाला काही करत असतो. कुठे बघायचं हे सांगायला ताती येत नाही. डिसेंबर १९६७ मध्ये लोकांनी तिकीट काढलं होतं युलोला बघायला, आणि त्यांना युलोलाच शोधत बसावं लागलं. चित्रपट आपटला. तातीव्हिल पाडलं गेलं. राहतं घर विकावं लागलं. आधीच्या चित्रपटांचे हक्क देणेकऱ्यांकडे गेले, आणि काही वर्षं स्वतःची चौकट स्वतःच्या हातात राहिली नाही.

नंतर दोनच चित्रपट. १९७१ चा ‘ट्रॅफिक’, ज्यात युलोला परत आणावं लागलं, कारण त्याच्याशिवाय पैसे कुणी देईना. त्यातली वाहतूक कोंडीत अडकून नाकात बोटं घालणारी माणसं मात्र बघाच. आणि १९७४ चा ‘पराद’, स्वीडिश टीव्हीच्या पैशानं, सर्कशीच्या रिंगणात. साठी उलटलेला ताती तिथे परत टेनिस खेळतो, गोल अडवतो, घोडा होतो. तेच, रग्बीच्या जेवणातलं. शेवटी सगळे निघून जातात आणि दोन लहान मुलं रिकाम्या रिंगणात पडलेल्या वस्तूंशी खेळत बसतात.

नोव्हेंबर १९८२ मध्ये ताती गेला.

(दृश्य: फिल्मचे डबे. हळूहळू रंग.)

ती रिळं. मुलगी सोफी तातिशेफ स्वतः चित्रपट-संकलक. तिनं आणि छायालेखक फ्रांस्वा एदनं १९४७ ची ती रंगीत फिल्म उकलायचा मार्ग काढला. १९९५ साली ‘जत्रेचा दिवस’ पहिल्यांदा त्या रंगांत पडद्यावर आला. करडी दारं, काळे कपडे. ट्रॅक्टरमागच्या गाडीवर मेरी-गो-राउंडचे लाकडी घोडे गावात शिरतात.

शेवटच्या दृश्यात जत्रा हलते. पोस्टमन फ्रांस्वा तिकडे शेतात गवत उचलायला मदत करतोय. टपालाची पिशवी एका छोट्या पोराच्या खांद्यावर, आणि पोरगं उड्या मारत निघालंय, घोड्यांच्या मागे मागे.